पाण्याबाहेरची नोकरी

नळदुर्गचे माझे गफारमामू ऐन उमेदीपासून विहिरींत उतरत आले. गाळ काढायचा, तुटून पडलेली मोट शोधायची, आणि कुणी बुडालं की त्यालाही वर आणायचं. चाळिशीतच त्यांचे कान वाहू लागले, सांधे धरले. पाण्याचा त्यांना वीट आला होता. कचेरीत शिपायाची कोरडी जागा मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

चव्वेचाळीस साली निजामाच्या सालगिरहनिमित्त, म्हणजे वाढदिवसाला, बंधाऱ्याच्या पाण्यात पोहण्याची शर्यत ठरली. जिंकेल त्याला सरकारी नोकरी.

"अंगात दम हाय का तुमच्या?" नसीममामीनं विचारलं.

"न्हाय. पण ह्यानंतर पाण्यात उतरायचं न्हाय, म्हणून जातो."

दगडी भिंतीपासून निघायचं, सैल दोरानं बांधलेल्या तराफ्याला हात लावून परत यायचं. तालमीतल्या पोरांनी पाणी असं बडवलं, जणू सात पिढ्यांचं वैर. त्यांची निम्मी ताकद शिंतोड्यांतच गेली. मामूंनी दोन्ही पायांनी भिंतीला एकच रेटा दिला आणि डोकं खाली घालून अंग सैल सोडलं. भिंत हलणार नव्हती, मामूच पुढं गेले. एकदा मिळालेली गती पाणी अडवीपर्यंत टिकते. त्यांनी पाण्याला अडवायला फार काही दिलंच नाही.

खरी मजा तराफ्यापाशी झाली. पोरांनी भिंतीसारखाच त्यालाही पाय लावून रेटा दिला. तराफा मागं सरकला आणि पोरं जागच्या जागी. पायाखालून निसटणाऱ्या वस्तूवर पुरता जोर लागत नाही, मग परत काय मिळणार? पुढं शाळेत गतीचे नियम शिकवताना मी मुलांना हेच सांगायचो. मामू तराफ्याला नुसता हात लावून वळले आणि तळव्यांनी पाणी मागं लोटत परत आले. यात हुशारी नव्हती हो. उधळायला ताकदच उरली नव्हती.

मामू पहिले आले. बक्षीस द्यायला आलेला साहेब भलताच खूश झाला. असा पोहणारा कचेरीत बसवून काय करायचा, म्हणाला, आणि तिथल्या तिथं मामूंना बंधाऱ्यावर नेमून टाकलं. पाण्याखालची दारं साफ करायची, बुडालेले काढायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आजही त्या टाळ्यांचा राग येतो.

घरी मामीनं विचारलं, "मिळाली का जागा?"

"मिळाली. पाण्यातच."

"मग हरायचं व्हतं की."

मामू भिंतीला टेकून बसले. "हरलो असतो, तरी उद्या विहिरीतच उतरायचं व्हतं."