स्वाती छतावर का गेली होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. घरात माझं नाव असं, की हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि ही एक गोष्ट — आठ वर्षं झाली — गिळून बसले आहे.

स्वाती माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन मनीषनगरला आले तेव्हा ती सातवीत होती, तिच्या वेण्या मी घालून द्यायची. तिचे डोळे विजेने बिघडले, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरंच आहे. पण वीज कडाडत असताना ती छतावर का गेली, हे जे सगळे सांगतात ना — ते खोटं आहे. ते मी रचलं.

तेव्हा तिचा साखरपुडा झाला होता, पारशिवनीकडच्या मुलाशी. तिला लॅबमध्ये नोकरी होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून रक्ताच्या स्लाइड पाहायची, आणि घरी येऊन त्याच गोष्टी इतक्या रंगवून सांगायची की जेवण गार व्हायचं. तिच्या रुखवतासाठी आम्ही रंगीत कुरड्या घातल्या होत्या — गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. छतावर जुन्या साड्यांवर वाळत होत्या. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. सासूबाई शेजारी गेलेल्या. घरात आम्ही दोघीच.

कुरड्या उचलायचं काम कोणाचं होतं? माझंच. मी मोठी, आणि कुरड्यांचा घाटही माझाच. पण मला विजेची भीती वाटते — अशी तशी नाही, गडगडलं की दारं-खिडक्या लावून बसते. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हटलं, "स्वाती, जाय वं, कुरड्या घेऊन ये. माये पाय लय दुखून राहिले."

पाय दुखत नव्हते.

तिला कळलंही होतं. "भेता काय वहिनी?" म्हणून हसली, फोन चार्जिंगला लावला आणि अनवाणीच वर पळाली. वर जाणं धोक्याचं आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर तिला पाठवलं.

वीज पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर पडली, स्वाती तिथून चार हातांवर होती. मी काय केलं? जिन्याखाली उभी राहून ओरडले. वर गेले नाही. शेजारचे काका भिंतीवरून उडी मारून आले आणि त्यांनी तिला खाली आणलं.

दवाखान्यात सासूबाईंनी विचारलं, "काहून गेली होती वं ते वरते?" तेव्हा खरं सांगायला किती शब्द लागले असते? मी पाठवलं होतं — संपलं. पण माझ्या तोंडून निघालं, "फोन आला होता, बोलत बोलत गेली." सुचलं कसं, देव जाणे. सगळ्यांना लगेच पटलं. आजकालच्या पोरी, मोबाईल काही सुटत नाही! संध्याकाळी मी कपडे आणायच्या निमित्ताने घरी आले. तिचा फोन चार्जिंगवरून काढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. मग सांगितलं, विजेने गेला.

तिसऱ्या दिवशी स्वाती नीट बोलायला लागली. सकाळी कुरड्या घातल्याचं तिला आठवत होतं, त्यानंतर एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं काहीच नाही. विजेच्या धक्क्याने असं होतं, म्हणाले डॉक्टर. मला किती हायसं वाटलं, काय सांगू! त्या पोरीच्या डोक्यातून ती दुपार गेली, आणि मी बाहेर येऊन तीन दिवसांत पहिल्यांदाच पोटभर उपमा खाल्ला.

एका गोष्टीचा मात्र मी विचारच केला नव्हता. महिन्याभराने मुलाकडचे आले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मी तर त्या दिवशी फोन केलाच नव्हता." मग कोणाशी बोलत होती? स्वातीला काय सांगता येणार? ती नुसती एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. तेव्हा तरी बोलायचं ना! नाही बोलले. त्यांनी कोणी आवाज चढवला नाही. अंगठी परत घेतली, चहा तसाच ठेवून गेले.

आणि डोळे. दवाखान्यातून सोडताना कागदावर लिहून दिलं होतं — महिन्याभरात डोळे दाखवा. तो कागद माझ्याकडे होता. मी तो साड्यांखाली ठेवला. कारण प्रत्येक डॉक्टर तोच प्रश्न विचारतो, कसं झालं? आणि तिच्या देखत पुन्हा ते खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. पोळ्याच्या सुमाराला ती म्हणायला लागली की सगळं धुरकट दिसतं. घरात सगळ्यात आधी "मोबाईल कमी पाहा" असं कोण म्हणालं असेल? मीच.

लॅबमध्ये दोन रिपोर्ट चुकले तेव्हा आमचे हे तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सव्विसाव्या वर्षी. विजेने असा होतो, कधी कधी कित्येक महिन्यांनी. ऑपरेशन झालं, उजवा डोळा सुधारला. डाव्याच्या पडद्याला सूज राहिली होती, तिचा इलाज करायची वेळ निघून गेली होती. आधी काहून नाही आणलं, म्हणाले डॉक्टर. त्या डोळ्याने तिला समोरच्याचं तोंड दिसत नाही, नुसते कान आणि केस दिसतात. नोकरी तिने स्वतःच सोडली. लग्नाचा विषय आता घरात कोणी काढत नाही.

ती माझ्यावर कधी चिडत नाही. उलट सगळ्यांना सांगते, वहिनीने माझं लहान लेकरासारखं केलं. रोज तिच्या डोळ्यांत थेंब मीच टाकते.

मागच्या मंगळवारी थेंब टाकले, तशी ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुम्ही होत्या ना घरी. मी कोणाशी बोलून राहिली होती? मले खरं सांगा, मी रागावणार नाही. मी लय आठवून पाहते — असा कोण होता, की मी त्याच्यासाठी वर गेली?"

मी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हटलं, "मले काय माहीत, स्वाती."