दाराबाहेर ठेवलेली कुऱ्हाड

शेवटचं भेटलो तेव्हा दिगूनं खांद्यावरची कुऱ्हाड काढून भिंतीला टेकवली. ‘बाहेरच राहू दे रे,’ म्हणाला आणि चाकणच्या त्या पत्र्याच्या खोलीत शिरला... बाहेर आला तो चौघांनी उचलून. दीड महिना झाला, पण अजून पत्र्यावर काही पडलं की मी उठून दाराबाहेर बघतो.

पूर्वी आम्ही दोघं कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये शेजारी, राहायला पिंपळे गुरवला एकाच खोलीत. दिगूचं डोकं भयंकर तापट. प्रेसमध्ये दोन बोटं गेली त्या दिवशी, रक्त गळत असताना त्याच हातानं त्यानं सुपरवायझरचं नाक फोडलं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवायला सुपरवायझरनंच सांगितलं होतं, मार खायच्याच लायकीचा होता मेला! नोकरी गेली. कुणाच्या तरी ओळखीनं दिगू भामरागडच्या पलीकडं, माडियांच्या एका गावात गेला आणि सहा वर्षं तिथंच राहिला. कधीमधी इकडं यायचा तेव्हा पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड सोबत असायची, पण ती माझ्या दाराबाहेर, चपलांजवळ ठेवायचा. ‘आमच्या गावात दुसऱ्याच्या घरात पातं नेत नाहीत.’ आमच्या गावात म्हणे! मी चिडवायचो त्याला, पण तिथं राहून तो माणसात आला होता हे खरं.

यंदा एका ठेकेदारानं त्या गावातली पाच पोरं चाकणला कामाला आणली आणि घरी जातो म्हणाली तर कोंडून ठेवली. मला कळलं, मीच दिगूला फोन केला. तो तिकडून आला आणि भर दुपारी दोघं गेलो. आत ठेकेदाराची चार माणसं, हातात रॉड.

‘दिग्या, येडा झालास का? कुऱ्हाड घे!’

‘राहतं घर आहे रे ते. पोरं बघतायत.’

गेला. तोंड उघडतोय तोच पहिला रॉड जबड्यावर बसला. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग डोक्यात, मग बरगड्यांवर... ज्यानं नाक फोडलं होतं तो हात त्यानं एकदाही उचलला नाही. ‘पोरांना सोडा’ एवढंच म्हणत होता, आणि मग म्हणेनासा झाला.

आणि मी? सगळ्यांना सांगितलं, माणसं आणायला पळालो. साफ खोटं. आजूबाजूची माणसं आरडाओरडा ऐकून आपणहून आली, पोरं त्यांनी सोडवली. मी कुऱ्हाड दोन्ही हातांत धरून दारात उभा होतो. पाय हललेच नाहीत राव.

मागच्या रविवारी लालसूकाका आले. दिगू त्यांच्याच घरी राहायचा. कुऱ्हाड न्यायला आले होते. माझ्या दाराबाहेर चपलांजवळच ठेवली होती मी, ती उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा तिथंच ठेवून आत आले. चहा घेताना विचारलं, ‘तेव्हा ही कुणाजवळ होती?’

‘माझ्याजवळ.’

चहा संपवला आणि निघाले. मी मागं धावलो, ‘काका, कुऱ्हाड राहिली!’

‘राहू दे,’ म्हणाले, ‘तुझ्याकडंच.’

पहिल्या शिफ्टला निघताना रोज तिच्याशेजारी बसून बूट घालतो. बायको म्हणते, आत घ्या, गंजेल. आत न्यायची होती त्या दिवशी नेली नाही, आता काय नेऊ!