सतरा नंबरचा बोअर

चुडामण नानांना ओळखायचं असेल तर आधी त्यांच्या घरचा गव्हाचा डबा बघावा. डब्यावर नानांनी स्वतःच्या हातानं 'गहू' लिहिलंय, आणि ते इतकं देखणं की आतले दाणेसुद्धा रांगेत बसले असतील असं वाटतं. नाना म्हणजे धुळ्यातल्या एका खाजगी इंजिनिअरच्या ऑफिसात आयुष्य घालवलेला माणूस. नकाशे काढायचे. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईनं, मग डोळ्यांना चष्मा आणि टेबलाला कॉम्प्युटर लागला तसे कॉम्प्युटरवर.

त्यांच्या धंद्याचा एकच धर्म: अक्षर रेषेला शिवता कामा नये. तो धर्म त्यांनी जेवणाच्या ताटापर्यंत आणला. शेवभाजीचा रस्सा भाताकडे निघाला की नाना ताट फिरवून घेतात. आमच्या गल्लीच्या लग्नात आम्ही मुद्दाम त्यांना काठोकाठ वाढतो. पुष्पाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणतात, "वाढा, वाढा. घरी तर रोज मोजूनमापून वाढावं लागतं."

देवपूरच्या पलीकडे एक नवी कॉलनी पडणार होती. तिचा नकाशा नानांनीच काढला आणि काढता काढता स्वतःच त्याच्या प्रेमात पडून सतरा नंबरचा प्लॉट घेऊन टाकला. मग प्लॉट पडून राहिला. रिटायर झाल्यावर नानांना घर आठवलं. आमच्याकडे घराआधी पाणी बघतात, म्हणून आधी बोअर घ्यायचं ठरलं.

आता बोअर घ्यायचा कुठे? हद्दीचे दगड गेले होते. कुणाच्या उंबऱ्याला लागले ते मला माहीत आहे, पण ते जाऊ द्या. सगळे प्लॉट सारखे, अरुंद आणि लांबुडके, वर गवत. तरी नाना निर्धास्त. नकाशाची फाइल त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये होती. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या डिंपलताईच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

तिनं फाइल उघडली आणि नानांचा चेहराच उतरला. प्रत्येक प्लॉटवर एक लांबलचक लफडं. महिरपी कंस, उलटी तिरपी रेघ, एच, दीड, एक्स, पुन्हा तिरपी रेघ, सी, एक, मग 'प्लॉट नंबर सतरा', मग आणखी एक तिरपी रेघ आणि पी, आणि त्याच्या शेपटाला क्षेत्रफळ.

"हे मी नाही लिहिलं," नाना म्हणाले.

आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला मोतीलाल दलाल लगेच मान घालून पुढे. "नाना, एच दीड म्हणजे उंची दीडपट बांधायची परवानगी. सी एक म्हणजे कमर्शियल. पी म्हणजे पार्किंग. काही बोलू नका, भाव वाढवून देतो!"

संध्याकाळपर्यंत कॉलनी कमर्शियल झाल्याची बातमी गावभर होती. मी फक्त दोघांनाच सांगितलं होतं.

इकडे दुकानात नानांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना ती घाण बघवत नव्हती. "डिंपल, पूस तो कचरा."

तिनं पुसला. उरलं नुसतं 'प्लॉट नंबर सतरा'. पण ते हद्दीच्या रेघेवर आडवं पडलेलं! 'प्लॉट नंबर' अलीकडच्या चौकटीत आणि 'सतरा' पलीकडच्या. आजूबाजूचे नंबरही तसेच. नानांच्या अंगावर काटा आला. अक्षर रेषेला शिवलं होतं.

"सरकव बाई, सगळे."

"कुठल्या बाजूला, नाना?"

"अंक जिकडे, तिकडे."

तिनं सरकवले. आपल्या रांगेचा तुकडा एका कागदावर मावला, तेवढाच छापून घेतला. कागद असा स्वच्छ की देवापाशी ठेवावा. त्या कागदावरून माप धरून बोअर घेतला आणि पाणी असं उसळलं की गाडीवाला भिजला. पेढे वाटले. नानांनी मोटर बसवली, पाइप टाकला, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर पाया खोदायचं ठरवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी द्रौपदाबाई आल्या. भडगावच्या, रिटायर नर्स, शेजारच्या अठरा नंबरच्या मालकीण. बाई तशा शुद्ध बोलतात, पण राग आला की अहिराणी सुरू. दारातूनच अहिराणी सुरू होती.

"नाना, हाऊ बोअर मन्हा प्लॉटमा शे!"

"असं कसं, बाई? हा बघा कागद. बोअर सतरामध्ये."

"आनि हाऊ कागद दखा!" त्यांनी पिशवीतून घडी काढली. प्लॉट घेताना नानांच्याच ऑफिसातून मिळालेला नकाशा. त्यात ती जागा अठराची.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींच्या कोपऱ्यात 'आरेखन: चुडामण', तेच वळण, तीच वेलांटी. रेघा तंतोतंत एक. नंबर मात्र एका घरानं इकडे-तिकडे.

"दोन्ही कागद तुमनाच शेतस ना?"

"माझेच."

"मंग खरा कोनता?"

नाना एकदा ह्या कागदाकडे, एकदा त्या कागदाकडे. मी म्हटलं, "नाना, ज्यानं नकाशा काढला त्यालाच स्वतःचं घर सापडेना, असा मनुष्य धुळ्यात दुसरा नाही." पुष्पाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न मागताच गप्प बसलो.

पुष्पाबाई सोडून सगळी वरात डिंपलताईकडे. मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये तशीच होती. गडबडीत तिनं ती भलत्याच बटणानं उघडली आणि चित्राऐवजी नुसते आकडे पडद्यावर आले. आकड्याखाली आकडा, त्याखाली आकडा, मधूनच तो कंस आणि तिरप्या रेघा. नाना खुर्ची ओढून बसले. आपल्याच पोटाचा एक्सरे बघावा तसे बघत राहिले.

"हे एकाहत्तर काय आहे? प्रत्येक नंबरापाशी एकाहत्तर, आणि त्याच्याखाली पाच."

डिंपलताईनं मोबाइलवर शोधलं. "एच म्हणजे अक्षराची उंची, नाना. सी म्हणजे रंग. एक असेल तर लाल. पी म्हणजे पुढची ओळ."

"पार्किंग नाही?" मी विचारलं. मोतीलालनं तोवर दोन प्लॉट कमर्शियल म्हणून दाखवले होते.

"आणि एकाहत्तर म्हणजे मजकूर कुठून धरायचा. एक म्हणजे वरचा डावा कोपरा, पाच म्हणजे मधोमध, नऊपर्यंत आहे."

"मी मधोमधच लिहीत आलो," नाना म्हणाले.

"माझं सॉफ्टवेअर फुकटातलं आहे. त्याला हे कळतं की नाही, कुणास ठाऊक."

"मंग बोअर कोना?" द्रौपदाबाई.

ते काही त्या आकड्यांत लिहिलेलं नव्हतं.

घरी परत आलो. मागच्या अंगणात पुष्पाबाईंनी चूल पेटवून मातीचं खापर उलटं घातलं होतं, उद्याच्या सणाचे मांडे आजच करून बघत होत्या. नानांनी कोळशानं फरशीवर नऊ घरं आखली आणि मधल्या घरात पाच लिहिला. समजावू लागले. बिंदू इथं, मजकूर तिथं, मध्य म्हणजे पाच, पाच म्हणजे मध्य. ऐकून द्रौपदाबाईंचा राग गेला आणि गुंगी आली. मी म्हटलं, "नाना, हे सारीपाटासारखं आहे का?" तर नाना स्वतःच म्हणाले, "मला तरी कुठं कळतंय?"

पुष्पाबाईंचं सगळं लक्ष इकडे. हातावर पुरणाचा मांडा पसरत पसरत कोपरापर्यंत आला होता. तो खापरावर टाकताना मधोमध टाकायचा, तर त्यांची नजर आमच्यावर; मांड्याची कड खापराच्या मध्यावर पडली, आणि अर्धा मांडा पलीकडे लोंबून चुलीत.

"गेला! तुमच्या त्या पाचाच्या नादात माझा मांडा गेला!"

नाना जागेवरून उठले. जळणाऱ्या मांड्याकडे बघत उभे राहिले. खापराचं एक अंग रिकामं, दुसऱ्या अंगानं पुरण आगीत.

"पुन्हा टाक बघू," ते म्हणाले. "नीट मधोमध."

पुष्पाबाईंनी दुसरा टाकला. चारी अंगांनी सारखा बसला.

नानांनी दोन्ही कागद उचलले. आपला स्वच्छ कागद हातात धरून बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले. बोट सतरावरून रेघेकडे, रेघेवरून पुन्हा सतराकडे. मग चष्मा काढला. मला कळेना. द्रौपदाबाईंना कळेना. पुष्पाबाई तिसऱ्या मांड्याला लागल्या होत्या. अख्ख्या अंगणात जे कळलं होतं ते एकट्या नानांना, आणि ते गप्प बसले असते तर दुसऱ्या दिवशी पाया खोदायला कोणी आडवं आलं नसतं. बाई तर त्या आकड्यांना कंटाळून, उठून चपला शोधू लागल्या होत्या.

"बसा, बाई," नाना म्हणाले. "बोअर तुमचा."

"काय?"

"फाइल सांगत होती, नंबर मधोमध धरा. त्या दुकानातल्या यंत्रानं कडेला धरला, त्या जळक्या मांड्यासारखा. म्हणून नंबर प्लॉटच्या मध्यापासून सुरू झाला आणि शेपूट तुमच्याकडे पडलं. मी रेघ वाचवायला म्हणून सगळंच तुमच्याकडे ढकललं. तुमचा कागद खरा. मी तुमच्या जमिनीत बोअर घेतला."

पुष्पाबाईंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "आणि आपलं पाणी?"

नानांनी आपल्या स्वच्छ कागदाची घडी घातली.

द्रौपदाबाई पुन्हा बसल्या. भांडायची इतकी तयारी करून आलेली बाई, समोर भांडायला माणूसच उरला नाही. "मंग आते मी भांडू कोनासंगे?" असं त्या खरोखर म्हणाल्या.

"बोअर मन्हा," शेवटी म्हणाल्या. "मोटर कोनी?"

"मोटर माझी. पाइपही माझाच. उद्या काढून नेतो."

"काढी कसाले नेतस? मी बाई माणूस मोटर कोठे लेवाले जाऊ? राहू द्या. पानी दोन्ही घरले."

"पण बाई, जमीन तुमची..."

"नाना," बाई म्हणाल्या, आता शुद्ध मराठीत, म्हणजे राग पुरता गेला होता, "चाळीस वर्षं इंजेक्शनं दिली मी. सुई चुकली की माणूस आधी लपवतो. तुम्ही सांगितलं. आता तो मांडा वाढा, जळका नको."

आखाजीला नानांनी खऱ्या सतरामध्ये कुदळ मारली. आज दोन्ही घरं उभी आहेत. मधल्या भिंतीत पाइपापुरतं भोक आहे. बटण नानांच्या घरात, व्हॉल्व्ह द्रौपदाबाईंच्या अंगणात. एक रुसला तर दोघांच्याही टाक्या कोरड्या. मी एकदोनदा इकडचं तिकडे करून पाहिलं, पण पाण्यापुढे माझं काही चालत नाही.

मोतीलाल अजून लोकांना पार्किंगसकट प्लॉट दाखवतो. आणि एकाहत्तरखाली पाच म्हणजे काय, हे मला विचाराल तर खरं सांगतो, मला अजून कळलेलं नाही. मी आपला रोज सकाळी नानांकडे चहाला जातो आणि भिंतीपलीकडून येणारा आवाज ऐकतो:

"नाना! बटन दाबा!"

"व्हॉल्व्ह उघडला का, बाई?"

"कव्हयनाच उघडा शे!"

"मग पाणी का येत नाही?"

"तुम्ही बटन कोनतं दाबं ते दखा आधी!"

आणि नाना चष्मा लावायला आत जातात.