इंदुबाईंचे रशियन ड्रायव्हर

सुरतेच्या डिंडोलीतल्या निम्म्या लूम कामगारांच्या पोटात इंदुबाईंच्या हातची शेवभाजी जायची. डबा कधी चुकला नाही. फक्त रविवारी टीव्हीवर गाड्यांची शर्यत असली, की त्यांच्याशी कुणी बोलायला जायचं नाही.

हे वेड लागलं २०११ साली. डबे रवाना करून त्या जरा टेकल्या होत्या. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली फॉर्म्युला वनची शर्यत, आणि तिसरा आला पेत्रोव. फॉर्म्युला वनमधला पहिला रशियन. सगळ्यांत पुढचे दोघे सोडून इंदुबाईंना त्याचंच हसू आवडलं. दोन आठवड्यांनी मलेशियात त्याची गाडी हवेत उडाली, जमिनीवर आदळली आणि स्टीअरिंग सुटून त्याच्या हातात आलं. इंदुबाई ओरडल्या, तव्यावरची भाकरी कोळसा झाली. तेव्हापासून रशियाचा जो ड्रायव्हर येईल तो आपला. पेत्रोव गेला, क्व्यात आला, मग सिरोत्किन.

"गाड्या गोल गोल फिरतस, त्यामा काय पाहानं?" नवरा निंबा म्हणायचा आणि कूस बदलायचा.

२०२२पासून मात्र फॉर्म्युला वनमध्ये एकही रशियन उरला नाही. इंदुबाईंचे रविवार सुने झाले.

गेल्या वर्षी मे महिन्यात कुंदनचा फोन आला. हा शेजारच्या गोडादऱ्याचा पोरगा, सुरतेतच वराछात हिऱ्यांच्या ऑफिसात कामाला. "मावशी, रशियाहून हिरे पारखणाऱ्या तमारा मॅडम आल्या आहेत. पोट बिघडलंय. साधी खिचडी मिळेल?"

रशिया म्हटल्यावर इंदुबाई स्वतःच डबा घेऊन निघाल्या. वाटेत रिक्षात नावं पाठ केली. तमारा मॅडमनी दोन घास खाल्ल्यावर इंदुबाईंनी सुरू केलं, "पेत्रोव! क्व्यात! सिरोत्किन!"

मॅडमनी चमचा थांबवून कुंदनकडे पाहिलं. कुंदननं इंग्रजीत समजावलं. मॅडम काहीतरी बोलल्या.

"त्यांना गाड्यांचं काही कळत नाही म्हणे," कुंदन म्हणाला.

इंदुबाईंचा चेहरा पडला. "अरे, रशियाची बाई आणि पेत्रोव माहीत नाही?"

तो चेहरा पाहून मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी थेट याकुत्स्कला वडिलांना व्हिडिओ फोन लावला. म्हातारा खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेला. पेत्रोवचं नाव ऐकताच त्यानं दोन्ही हातांनी स्टीअरिंग उपटल्याचं करून दाखवलं.

"मलेशिया!" इंदुबाई खुर्चीतून उठल्याच.

मग काय! म्हातारा रशियनमध्ये, मॅडम इंग्रजीत, कुंदन मराठीत. खिचडी निवत चालली. इंदुबाईंनी श्वार्त्समन नावाच्या ड्रायव्हरचा विषय काढला. अमेरिकेत इंडियानापोलिसला रविवारी होणाऱ्या शर्यतीसाठी त्या आठवड्यात त्यानं सुरुवातीच्या रांगेतली सगळ्यांत पुढची जागा पटकावली होती. म्हाताऱ्यानं हात झटकला.

"तो इस्रायलच्या लायसन्सवर चालवतो. आपला नाही, म्हणतात," कुंदन म्हणाला.

"त्यांना विचार, वाढला कुठे?"

"रशियात."

"मग? माझं आधार कार्ड सुरतेचं, मतदान सुरतेत, चाळीस वर्षं इथंच आहे. म्हणून काय मी अमळनेरची नाही? लायसन्सनं माणूस परका होत असता, तर माझ्या माहेरी मला कुणी जेवायला वाढलं नसतं!"

कुंदननं शब्दन् शब्द पोचवला. मग म्हातारा खो खो हसला आणि काहीतरी म्हणाला.

"बरं बाई, आपलाच, म्हणतायत!"

फोन ठेवण्याआधी म्हाताऱ्यानं इंदुबाईंचा नंबर मागून घेतला. रविवारच्या शर्यतीत श्वार्त्समनचं काही जमलं नाही. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, गाडी थांबवताना ब्रेकनं दगा दिला, भिंतीला धडकला आणि बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाई मेथी निवडत असताना फोन वाजला. याकुत्स्कहून आवाजी निरोप. एक अक्षर कळलं नाही, पण सूर बरोबर दुखवट्याचा होता. इंदुबाईंनीही फोन तोंडाशी धरला आणि शुद्ध अहिराणीत त्या ब्रेकला मनसोक्त शिव्या घातल्या.

निंबा दारातून म्हणाला, "कोनशी भांडी राहिनी वं?"

"भांडत नाही," त्या म्हणाल्या, "समजूत घालतेय." आणि जुडी पुढे ओढली.