अक्काकडे ठेवलेली कोंबडी

लिंबाखाली तीन कावळे मरून पडले, तेव्हा पहिला संशय मी शेजारच्या चाचीवर घेतला. वाळवणावर बसणाऱ्या कावळ्यांना ती रोज शिव्या घालायची, तेव्हा तिनेच काहीतरी टाकलं असणार, असं मी सरळ ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. दूधवाला नेहमीपेक्षा जास्त हसला, तरी मी आधी दुधात बोट बुडवून बघते. चाचीवर संशय होता, पण तिची आणि माझी एक कोंबडी वाट्यात होती, हेही सांगायला हवं. कोंबडी माझी, अंड्यांवर खुडूक बसवायची तिच्या घरी, आणि पिल्लं निम्मी निम्मी. घनसावंगीकडच्या आमच्या गावात हे सर्रास चालतं.

दोन दिवसांनी चाचीच्याच चार कोंबड्या मेल्या आणि माझा संशय वाया गेला. पण दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. जनावरांच्या दवाखान्याची गाडी गावात आली होती. तिच्यातून एक तरुण डॉक्टरीण उतरली. हातमोजे, मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिने मेलेल्या कोंबड्या पिशवीत बांधल्या, जिवंत कोंबड्यांच्या घशात कापसाची काडी फिरवली आणि बजावलं, की तपासणीचा निकाल येईपर्यंत एकही कोंबडी गावाबाहेर जाता कामा नये.

मला लगेच पाणी मुरताना दिसलं. गावरान कोंबड्या संपल्या, तर कोणाचा माल खपणार? बॉयलरवाल्यांचा! हे मी चाचीला सांगितलं, चाचीने आणखी चौघींना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला खात्री पटली, की हे सगळं वरून ठरलेलं आहे.

कोंबड्यांना मर लागली, की आमच्याकडे करायच्या गोष्टी ठरलेल्या. चांगल्या कोंबड्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवायच्या आणि मलूल दिसेल ती मरायच्या आत कापून खायची. कोंबड्यांत मानमोडीचा रोग आला की आई हेच करायची, मीही तेच करत आले. माझी ती वाट्यातली चितकबरी कोंबडी तर चांगली खणखणीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टोपलीत घातलं, वर जुनं लुगडं बांधलं आणि जीप धरली. ती आत कुरकुरली, की मी खोकायचे. जालना येईपर्यंत मी इतकी खोकले, की शेजारची बाई तोंडाला पदर लावून सरकून बसली. मला मनात हसू येत होतं. जालन्याहून एसटीने केदारखेडा, अक्काच्या दारात.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर माझं लग्न तिनेच लावून दिलं. तिच्या अंगणात वीसेक कोंबड्या होत्या, आणि अंड्यांवर तिचं घर चालायचं. माझ्या उलट, तिला संशय म्हणून घेताच येत नाही. टोपली का आणली, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

"ठेव की," म्हणाली. "तिच्या एकटीचं काय वझं हुतंय मला?"

मी गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी निकाल आला. बर्ड फ्लू. गावातल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या ठरल्या आणि त्याआधी शाळेच्या पटांगणात आम्हाला बोलावलं. मी डॉक्टरणीला खोटं पाडायच्या तयारीनेच गेले होते.

"मॅडम, आम्ही रोज कोंबड्यांतच वावरून राह्यलो," मी म्हटलं. "मंग माणसं कशी काय धडधाकट हायेत?"

ती चिडली नाही. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. हा रोग पक्ष्यांचा. माणसाला सहजासहजी लागत नाही. पण आजारी कोंबडी हाताळली, कापली, पिसं काढली, तर लागू शकतो, आणि लागला तर जिवावर बेततं. नीट शिजवलेलं खाल्ल्याने होत नाही, धोका कापणाऱ्याला आहे."

"मंग आमच्या सगळ्याच कोंबड्या कामून मारता?"

"कारण हा विषाणू बदलत राहतो, मावशी. आज तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. पण जितक्या माणसांना लागेल, तितक्या वेळा त्याला बदलायला वाव मिळतो. उद्या तो माणसांमाणसांत पसरायला लागला, की तुमचं गाव, माझं गाव असं काही राहणार नाही. कोरोनात बघितलंय ना आपण?"

मी तिच्या बोलण्यात फट शोधत होते. सापडली नाही, याचाच मला राग आला.

मग तिने विचारलं, "कोणी कोंबडी बाहेरगावी नेली आहे का?"

चाचीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "बिलकुल बोलू नको," ती पुटपुटली. मी उठून शाळेमागे गेले आणि अक्काला फोन लावला.

"अक्का, कोंबडी कशी हाय?"

"ती व्हय? काल मान टाकून बसल्ती. मंग म्या कापली. तुझा वाटा काई ठेवता आला न्हाई बघ," ती हसली.

"तू कापली?"

"मंग कोण कापणार? पिसं बी म्याच काढले. आज जरा अंग कणकण करून राह्यलंय, बाकी काई न्हाई."

डॉक्टरीण खोटं बोलत असली तर किती बरं होईल, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. बोलले, तर अक्काचं अंगण रिकामं होणार होतं. नाही बोलले, तर कदाचित अक्काच राहणार नव्हती. मी परत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. गाव, घर, कोंबडी, ताप, सगळं. चाचीने तोंड फिरवलं.

अक्काला जालन्याच्या दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. तिच्या उकिरड्यावरची पिसं तपासली, त्यांत रोग निघाला. मग तिच्या सगळ्या कोंबड्या मारल्या. एक खुडूक बसलेली होती, दोन दिवसांत पिल्लं निघायची होती. अंडीही पुरली. अक्काच्या स्वतःच्या तपासणीचा निकाल मात्र चांगला आला. साधा ताप होता. त्या कागदावरही माझा विश्वास बसेना. नर्सकडून तो दोनदा वाचून घेतला आणि मग तिथेच जिन्यावर बसून रडले.

अक्का मला एका शब्दानेही बोलली नाही. पुढे तिने पुन्हा थोड्या कोंबड्या घेतल्या. मी गेले की ती पूर्वीसारखाच चहा टाकते, जेवल्याशिवाय सोडत नाही. फक्त मी दारात आले, की ती आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघते. मीही चपला काढायच्या आधी पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरते.