धोंड्याच्या महिन्यातले अनारसे

दान देणाऱ्याच्या हातांमुळे पवित्र होते. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देताना आमचे गुरुजी हे वाक्य न चुकता म्हणतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मीही डोलावत आलो. गेल्या अधिक महिन्यात मात्र मला कळलं की हात कोणाचेही चालतात, फक्त ते कॅमेऱ्याच्या आड येता कामा नयेत.

अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, असं वाण जावयाच्या हाती द्यायचं. आमच्या लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावई पिंगळीचे, शाळेत मास्तर. त्यांचा हा पहिला धोंडा.

बायकोच्या स्वतःच्या पहिल्या धोंड्याला तिची आई आजारी होती, तेव्हा अनारसे दुकानातून आले होते. मी ते आवडीने खाल्ले होते, हे तिने मला अजून माफ केलेलं नाही. लेकीच्या वेळी आपल्या हातचे, आपल्या हाताने द्यायचे, हे तिने तेव्हाच ठरवलं असावं.

अनारसे म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचे, पण पुरते वाळू द्यायचे नाहीत. बाहेर श्रावणाची रिपरिप चालू होती, म्हणून माझ्या वाचायच्या खोलीतल्या पलंगावरची पुस्तकं खाली आली, तांदूळ वर गेले आणि त्यांना दिवसभर पंखा लावला. मला तो पंखा उन्हाळ्यातही इतका वेळ मिळालेला नाही. दळायला मिक्सर होता, चाळायला मी. मग गूळ घालून पीठ मळलं आणि त्याचा गोळा पाच दिवस डब्यात मुरत ठेवला.

तळायच्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला तो विरून गेला. गूळ जास्त झाला होता. बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ बायकोने आणलं, गोळ्यात मळलं आणि मला स्वयंपाकघराबाहेर जायला सांगितलं. अनारशाला नजर लागते, असं तिचं मत आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तिला सांगून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसरा अनारसा जाळीदार उतरला. पन्नासेक झाले, त्यांतून तिने तेहेतीस निवडले. खसखस सगळीकडे सारखी, कड न करपलेली. ते स्टीलच्या डब्यात कागदाच्या थरांवर लावले. उरलेले मला खायला दिले, नजरेचं भय आता राहिलं नव्हतं.

एवढ्यात मेव्हणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, जिंतुरात त्याचा कापसाचा व्यापार आहे. घरात चार माणसांत धोंडा करायचा, हे त्याला पसंत नव्हतं. त्याने मंगल कार्यालय धरलं, फोटोवाला धरला, डेकोरेशनवाला धरला. "अक्का, तू कशाला तरास करून घ्यायलीस? सगळं बघतो मी," म्हणाला. बायकोने एवढंच सांगितलं की अनारसे मी केलेत आणि मीच देणार. तो म्हणाला, "तूच दे की. दुसरं कोण देणार हाय?"

कार्यालयाच्या दारात बॅनर होता. त्यावर लेक-जावयाचा फोटो होता, आणि शुभेच्छुक म्हणून मेव्हण्याचा, त्याच्या दुप्पट. व्यासपीठावर बैलगाडीच्या चाकाएवढं तांब्याचं ताट मांडलेलं. त्यात अनारशांचा मनोरा रचलेला, सगळे एका मापाचे, एका रंगाचे, चांदीच्या वर्खाने चकाकणारे. बायको डबा हातात धरून बघत राहिली. मग तिने वरच्या अनारशावर नख मारलं. टक्क असा आवाज आला.

ते प्लास्टरचे होते. डेकोरेशनवाल्याने न लाजता सांगितलं की ताटासोबत सेटमध्येच येतात. घरचे फोटोत काळे येतात, म्हणून हल्ली सगळे हेच घेतात.

मला राग आवरेना. मी मेव्हण्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, अरे, बाईने दहा दिवस राबून केलेले अनारसे डब्यात ठेवायचे आणि जावयाच्या हातात भिंतीचा गिलावा द्यायचा?

तो शांतपणे म्हणाला, "दाजी, खायचे थोडेच हायेत. द्यायचे हायेत."

मी बराच वाचणारा माणूस आहे, पण या वाक्याला उत्तर मला कुठे वाचल्याचं आठवेना. गुरुजींकडे वळलो. त्यांनी सांगितलं की संकल्पात अनारसे असा उच्चार झाला म्हणजे झालं. त्यांना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

बायकोने डबा ताटाच्या कडेला तरी ठेवू द्या असं म्हटलं. फोटोवाल्याने तो उचलून खुर्चीखाली सरकवला, स्टील चमकतं म्हणून. समोरच्या रांगेत विहीण-व्याही बसले होते, आणि लेक आईकडे डोळ्यांनी विनवत होती की आता काही नको. बायकोने ताटाला हात लावला. ते एकटीला उचलेना, म्हणून मेव्हणा पुढे झाला. मंत्र संपले तरी फोटोवाला थांबा म्हणत होता, म्हणून पवित्र दान पाच मिनिटं हवेत राहिलं. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय केलं, हे मला कोणी विचारू नये.

जेवणं झाल्यावर जावई रिकाम्या व्यासपीठाशी आले. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतात. "मामी, तुमचा डबा कुठाय?" त्यांनी विचारलं. लेकीने सांगितलं असणार. बायकोने खुर्चीखालून डबा ओढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. दिवा नव्हता, गुरुजी निघून गेले होते.

"तेहेतीस हायेत. मोजून घ्या," ती म्हणाली.

"एक मोडू का?"

"दिले की. आता तुमचे हायेत."

त्यांनी तिथेच उभ्याने एक खाल्ला. मग दुसरा घेतला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तळताना कढईकडे बघत होती तशी. तिसऱ्याला हात घातला तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

माझा राग मात्र गेला नाही. तो मी मेव्हण्यावर काढायला निघालो, तर तो डेकोरेशनवाल्याशी घाईघाईने बोलत होता. जावयाला दान दिलेलं ताट, तेहेतीस अनारशांसकट, माणसं टेम्पोत चढवत होती. संध्याकाळी ते सेलूत दुसऱ्या एका जावयाला द्यायचं होतं.