अर्धवट नक्कल

नणंदेने भावजयीबद्दल लिहायला घेतलं की वाचणारे आधीच कान टवकारतात. टवकारा. आमची वहिनी म्हणजे गोगलगाय, हे मी तिच्या तोंडावर सांगते. चहा गाळायलासुद्धा तिला घाई चालत नाही. ‘मुरू दे जरा,’ हे तिचं पालुपद.

ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. रक्ताचा कर्करोग औषधाने खरंच गेला का, हे ती शोधते. पेशींतला आरएनए नाजूक, म्हणून आधी त्याची डीएनएत नक्कल उतरवायची. त्या नकलेला सीडीएनए म्हणतात. मग पीसीआरचं मशीन नकलेच्या लाखो प्रती काढतं, आणि आजाराचा तुकडा असला तर जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीवर, चमकती रेघ उमटते. नक्कल उतरायला नळ्या तासभर उबेत ठेवाव्या लागतात. त्या तासात ब्रह्मदेव आला तरी वहिनी मशीनचं झाकण उघडत नाही.

त्या दिवशी मात्र नळी आईची होती. माझी आई, म्हणजे तिची सासू. गोळ्या खाऊन आई विटली होती, आणि रेघ आली नाही तर डॉक्टर त्या बंद करणार होते. सकाळपासून तिने घास तोंडात घातला नव्हता. तिचे फोन, दादाचे फोन, माझे तर विचारूच नका. शेवटी वहिनीने घाई केली. पंधरा मिनिटांतच नळ्या काढून पुढच्या मशीनला लावल्या.

दुपारी दादाने कळवलं, रेघ नाही. आई हसली, रडली, ताट वाढून घेऊन पोटभर जेवली. मी तडक प्रयोगशाळेत गेले, वहिनीला मिठी मारायला. ती जेलसमोर बसली होती, चेहरा पांढराफटक.

“रिपोर्ट थांबवलाय,” ती म्हणाली. “कुठेतरी पाणी मुरतंय.”

माझं डोकंच फिरलं. मनासारखं दान पडलं होतं आणि ही बाई ते उधळायला निघाली होती. तपासणी नीट झाल्याची खूण म्हणून एक वेगळी रेघ असते, ती लख्ख आली होती. मग अडलं कुठे? वहिनीने समजावलं की खुणेचा तुकडा छोटा आणि मुबलक, तो पाव तासातही उतरतो. आजाराचा तुकडा लांब, आणि असलाच तर मोजका. घाईत त्याची नक्कल अर्धवट राहते, आणि अर्धवट नकलेची रेघ उमटत नाही. आजार असला तरी.

तिचे सर वैतागले होते. खूण चांगली आहे, पाठवा रिपोर्ट, असं त्यांचं म्हणणं. वेळ मीच कापली, असं तिने त्यांना सरळ सांगून टाकलं.

उरलेला आरएनए फ्रीझरमध्ये होता. तिने पुन्हा नळी लावली, या वेळी पूर्ण तास. माझ्या पर्समध्ये आईचा फोन वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही. रेघ येऊ नये एवढंच मी मागत होते. नाही आली तर हिला चांगलं फैलावर घ्यायचं, हेही ठरवून टाकलं होतं.

पुढच्या मशीनचं काम संपलं, जेल झालं, दिवा लागला. खुणेची रेघ होती. तिच्या वर दुसरी, फिकट, पण कुणालाही दिसेल अशी.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, औषध बदलू. घरी आईला सगळं वहिनीनेच सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

“दुपारचं तसंच राहू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? चार दिवस सुखाने जेवले असते.”

वहिनीने मान खाली घातली.

“आई, तिला काही बोलायचं नाही,” मी म्हणाले.

पोटची पोरगी फितूर झाली, अशा नजरेने आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने वहिनीला विचारलं, “नवी गोळी कधीपासून?”

“उद्यापासून,” वहिनी म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. तिची समजूत आईलाच काढावी लागली.